चिन्नस्वामीचं अपील

सरकारी नोकरीत मी तेहेतीस वर्षं नियमावल्या लिहिल्या. खात्याचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते. दूधवाल्यांची संस्था असो, विणकरांची असो, विड्याची पानं पिकवणाऱ्यांची असो, मसुदा बदरीनाथ रावांकडेच, म्हणजे माझ्याकडेच, यायचा. माझ्या कलमांतून भलेभले अध्यक्ष सुटले नाहीत. आणि निवृत्तीनंतर दीड वर्षाने, ह्याच हाताने लिहिलेल्या कलम अकराखाली, माझ्या स्वतःच्या कासवाला जंगलात सोडून देण्याची वेळ माझ्यावर आली. कासव खरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यामुळे दुःख काही कमी झालं नाही.

आम्ही राहतो तमिळनाडूत, कुंभकोणमला; पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेले. आमच्या घरातली मराठी ऐकली की पुण्याहून आलेले पाहुणे तोंडाला रुमाल लावतात, म्हणून ही हकीकत मी पुस्तकी मराठीत लिहितो आहे. घरातली माणसं मात्र बोलतात तशीच बोलतील. त्यांना आवरणं मला एकतीस वर्षांत जमलेलं नाही.

तर माझी मुलगी स्फूर्ती. ती घरी बसूनच कुठल्याशा कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. दर रविवारी दुपारी तीन वाजता तिची मित्रमंडळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमतात आणि एक खेळ सुरू होतो. त्याला पट नाही आणि पत्तेही नाहीत. सूर्या म्हणून एकजण आहे, कॉलेजात गणित शिकवतो. तो गोष्ट सांगत जातो. 'तुमच्यासमोर किल्ला आहे. दारावर दोन राक्षस उभे आहेत.' बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असतं, कोणी योद्धा, कोणी जादूगार. आपलं सोंग काय करणार ते ज्याने त्याने सांगायचं आणि वीस तोंडांचा एक फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर राक्षसाची धडगत नाही, लहान पडला तर आपली नाही. शेवटी कोणी जिंकत नाही आणि गोष्ट कधी संपत नाही. नोकरीत अशा पुष्कळ बैठका पाहिल्या असल्यामुळे मला खेळ चटकन समजला.

सुरुवातीला मी टेबलाजवळून नुसता जात असे. जाता जाता दोन शब्द सल्ल्याचे बोलत असे. तीन ते सहा ह्या वेळात मला बारा-चौदा वेळा तहान लागे. मग त्यांच्यातल्या एका मुलीचं लग्न झालं, ती कोइमतूरला गेली आणि एक खुर्ची रिकामी झाली.

"अप्पा, उगे फेऱ्या मारतांत, त्यापेक्षां बसून टाका," स्फूर्ती म्हणाली.

आग्रह फारच झाला, म्हणून बसलो. मला म्हाताऱ्या लेखनिकाचं सोंग मिळालं. पुढे गोष्टीतल्या एका बाजारात सगळ्यांनी सोबतीला जनावरं घेतली, तेव्हा मी म्हणालो की मला शांत, विश्वासू आणि फारशी हालचाल न करणारं जनावर हवं. सूर्याने जरा विचार केला आणि मला बैलगाडीएवढं कासव दिलं. मी त्याचं नाव चिन्नस्वामी ठेवलं. तमिळमध्ये चिन्न म्हणजे लहान. बैलगाडीएवढ्या कासवाला हे नाव कसं, असं गिरिधरने विचारलं. मी म्हणालो, नाव लहानपणी ठेवतात.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारेनासं झालं होतं. रविवारी मात्र सूर्या माझ्याकडे वळायचा आणि विचारायचा, "सर, चिन्नस्वामी आता काय करतो?" चार शिकलेली तरुण माणसं गप्प राहून माझ्या उत्तराची वाट बघायची. मी म्हणायचो, "चिन्नस्वामी हळूहळू येतो." दर वेळी उत्तर हेच. तरी तो प्रश्न ऐकण्यासाठी मी सोमवारपासून दिवस मोजायचो. त्या कासवावर माझा जीव जडला होता, दुसरं काही नाही.

पुढे जनावरं वाढली. बँकेत काम करणाऱ्या मधुमिताने एक लांडगीण पाळली होती, तिला चार पिल्लं झाली. गिरिधर आडुतुरैला भाताच्या वाणांवर काम करतो, त्याने मुंगसांची एक जोडी घेतली आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने सहा महिन्यांत अकरा मुंगसं केली, वंशावळीच्या तक्त्यासकट. स्फूर्तीजवळ एक अंडं होतं, त्यातून तोंडाने वाफ सोडणारा सरडा निघाला. त्या सरड्याच्या वतीने ती चिरक्या आवाजात अखंड बोलत असे.

एका रविवारी किल्ल्याच्या दारावरचे ते दोन राक्षस मारायला आम्ही तीन वाजता सुरुवात केली. साडेपाचला कॉफी आली तरी राक्षस ठणठणीत होते, कारण सातव्या मुंगसाची पाळी चालू होती. मधुमिता म्हणाली की अकरा मुंगसांनी मिळून एकच फासा टाकावा. गिरिधर म्हणाला की मग पिल्लांनी तर टाकूच नये, ती दूधपिती आहेत. सरडा मध्ये काहीतरी बोलला. गिरिधरने वंशावळ गुंडाळली, चपला घातल्या आणि पुढच्या रविवारपासून आपण येणार नाही असं सांगितलं. मधुमिता म्हणाली, मग मीही कशाला येऊ?

रविवार गेला तर माझ्याजवळ राहणार होते काय? सोमवार ते शनिवार. मी उभा राहिलो आणि ज्या आवाजाने एके काळी सर्वसाधारण सभा शांत केल्या होत्या त्या आवाजात म्हणालो, "सोबती प्राण्यांसाठी नियमावली नाही, म्हणून हे होतं आहे. मी करून देतो."

कोणी काही बोललं नाही. मौन म्हणजे संमती, असं मी इतिवृत्तात तेहेतीस वर्षं लिहीत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलस्केप कागद काढले, समास आखला आणि बैठक मारली. तीन दिवसांत वीस कलमं तयार झाली. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण झाली सुरेख. कलम सात सरड्यासाठी होतं: सोबत्याने बैठकीत परस्पर बोलू नये; पालकाने फासा टाकावा आणि अकरा किंवा त्याहून जास्त पडले तरच सोबत्याला बोलू द्यावं. कलम अकरा मुंगसांसाठी होतं: लागोपाठ तीन बैठकांत ज्याच्या नावावर लढाईतला एकही फासा पडला नाही तो निष्क्रिय समजावा आणि त्याला जंगलात सोडून द्यावं. अकरापैकी निम्मी मुंगसं तरी ह्यात जाणार असा माझा हिशेब होता. कोणी चालढकल करू नये म्हणून हे कलम मसुदा प्रसिद्ध झाल्या दिवसापासूनच लागू केलं. कलम एकोणीस: कोणालाही कसलीही सवलत नाही. कलम वीस: अपील सक्षम अधिकाऱ्याकडे. हा अधिकारी कोण ते लिहायची जागा मी कोरी ठेवली. ती जागा आम्ही नेहमीच कोरी ठेवत असू. अपील करणारा माणूस अधिकारी शोधत बसला की निम्मं काम आपोआप होतं.

कृष्णवेणीने, म्हणजे माझ्या पत्नीने, कोथिंबीर निवडता निवडता कागदांवर नजर टाकली. "ऐकलांत का? खेळतात ती चार माणसें. वीस कलमें कोणास?"

मी कागदांना टाचणी लावली. तज्ज्ञ माणसाने घरात वाद घालू नये.

आता जी चूक झाली ती सांगतो. तिला चूक म्हणणंही मला जड जातं, कारण पद्धत म्हणून ते अगदी बरोबर होतं. कोणतीही नियमावली लागू करण्यापूर्वी मसुदा जाहीर जागी लावावा लागतो आणि लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. मुदत पंधरा दिवस. मी मसुदा तमिळमध्ये टाइप करून आणला आणि शनिवारी सकाळी रस्त्याकडच्या दारावर पानं एकाखाली एक चिकटवली, सगळ्यात वर शीर्षक. 'ह्या घरातील लांडगे, मुंगसं, सरडे, कासवं इत्यादी सोबती प्राण्यांच्या नियमनाबाबत.' प्राणी म्हणजे खेळातले, काल्पनिक प्राणी, ही व्याख्या व्यवस्थित दिली होती. ती तिसऱ्या पानावर होती.

दहा वाजेपर्यंत दारासमोर माणसं जमली. कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, काढणाऱ्या बायका आमच्या उंबऱ्यापासून चार हात दूर काढू लागल्या. समोरच्यांनी मांजर आत घेतलं. पोस्टमनने पत्र खिडकीतून फेकलं, आणि ते आमचं नव्हतंच.

सगळ्यात आधी आले वेंकटरमण राव. आमच्या शेजारचेच, आमच्याच समाजातले, जनावरांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले. चार वर्षांत त्यांच्याकडे कोणी जनावर नेलं नव्हतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून बॅग घेऊन आले. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला खरं सांगवेना.

"लांडगीस जंताचें औषध दिलांत का?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, ती काल्पनिक आहे," मी शेवटी म्हणालो.

त्यांनी बॅग खाली ठेवली. "असो की. पिल्लें आहेत म्हणतांत ना? मग जंत होणारच." आणि ते बसले. कासवाला काय खाऊ घालावं, मुंगसांची पिल्लं कधी वेगळी करावीत, वाफेच्या सरड्याच्या घशाला कोणतं तेल लावावं, ह्याची नऊ पानं त्यांनी लिहून दिली. मी ती परिशिष्ट म्हणून जोडली. निघताना ते म्हणाले की मुंगूस घरात पाळणं कायद्याने गुन्हा आहे, लांडगा तर विचारूच नका, तेव्हा आपण वर कळवणार आहोत.

"अहो, पण ती काल्पनिक आहेत ना?"

"तें त्यांनी येऊन ठरवूं दे. नियम म्हणजे नियम, बदरी."

हे माझंच वाक्य होतं.

दुसरी हरकत आली अलमेलूची. अलमेलू आमच्याकडे वीस वर्षं दूध घालते. ती तमिळच बोलते. दूध मापून झाल्यावर ती दाराशी उभी राहिली आणि कलम अकरावर बोट ठेवून म्हणाली, "अय्या, काम न करणाऱ्या जनावराला जंगलात सोडायचं, असं लिहिलंय का?"

मी म्हणालो, बरोबर.

"माझी मोठी गाय दोन वर्षं दूध देत नाही. पण मी घरी पोचेपर्यंत ती दावणीला बसत नाही, दाराकडे तोंड करून उभी असते. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

मी तिला नीट समजावलं की हा नियम लढाईच्या फाशांपुरता आहे, तिच्या गायीचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "मी गायीचं नाही विचारत, रकान्याचं विचारते." आणि कॅन उचलून गेली. मी नोंदवहीत तिचं नाव लिहिलं आणि पुढे शेरा मारला: अप्रस्तुत, फेटाळली.

पंधरा दिवसांत एकूण सतरा हरकती आल्या. त्यांतल्या बारा चावण्याविषयी होत्या. मधल्या तिन्ही रविवारी खेळ झाला, नियम होणार म्हणून गिरिधर आणि मधुमिता दोघं निमूटपणे आली, पण माझं लक्ष कुठे होतं? मी फाइल मांडीवर घेऊन उत्तरं लिहीत होतो. माझी पाळी आली की मान वर करून म्हणायचो, "चिन्नस्वामी हळूहळू येतो," आणि पुन्हा फाइलीत डोकं. गिरिधर एरवीपेक्षा जास्त फासे टाकतो आहे एवढं मला अंधुक जाणवलं होतं. मला वाटलं, उत्साह असेल.

ह्याच मुदतीत, दहाव्या दिवशी सकाळी, आरोग्य निरीक्षक आले. रविशंकर नाव. हातात वही, मागे जाळी घेतलेले दोन कर्मचारी.

"अकरा मुंगसं, पाच लांडगे, एक सरडा, एक मोठं कासव," ते वहीत बघून म्हणाले. "कुठे आहेत?"

"टेबलावर," मी म्हणालो. "म्हणजे रविवारी."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. तिथे कृष्णवेणी शेवग्याच्या शेंगा कापत होती. ती उठून म्हणाली, "साहेब, हा पोरांचा खेळ आहे. सगळं खोटं आहे." ती तमिळमध्ये बोलली, पण खोटं हा शब्द मला कोणत्याही भाषेत लागला असता.

मी त्यांना बसवून खेळ समजावला. अर्धा तास लागला. जाळीवाल्या दोघांना फार आवडला, त्यातल्या एकाने फासा टाकून बघितला आणि त्याला अठरा पडले. रविशंकर मात्र काळजीत होते. तक्रार बंद करायची तर त्यांच्या वहीत दोनच रकाने होते, प्राणी ताब्यात घेतले आणि प्राणी अन्यत्र हलवले. प्राणी मुळातच नाहीत ह्यासाठी रकाना नव्हता. मी त्यांची अडचण इतकी मनापासून समजू शकत होतो की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही लेखी द्या. सदर प्राणी अस्तित्वात नाहीत. मी वहीला जोडतो."

लेखी द्यायला मला काय वेळ लागतो? कोरा कागद घेतला. एक, लांडगीण पिल्लांसह, अस्तित्वात नाही. दोन, मुंगसं अकरा, अस्तित्वात नाहीत. तीन, सरडा, अस्तित्वात नाही. चार, कासव.

इथे पेन थांबलं. मी ते झटकलं. कागदावर रेघ ओढून पाहिली, शाई येत होती.

"काय झालं?" रविशंकर म्हणाले. "हे आहे का?"

"नाही."

"मग लिहा ना."

"लिहितो."

शेवटी मी लिहिलं: चार, कासव एक, प्रवासात. खाली सही केली. रविशंकरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. त्यांचेही केस पांढरे व्हायला लागले होते. त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि वहीत ठेवला. कृष्णवेणी सुरी हातात धरून माझ्याकडे बघत होती. ती टोमणा मारणार असं मी धरून चाललो होतो. तसं काही झालं नाही. उलट अकरा वाजता न मागता दुसरी कॉफी आली.

मुदत संपली. चौथ्या रविवारी नियमावली लागू झाली. मी स्वच्छ वेष्टी नेसलो, प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक प्रत ठेवली आणि सूर्याला म्हणालो, "कलम अकराची अंमलबजावणी करा. फाशांची नोंद वाचा."

सूर्याने गेल्या तीन बैठकांची नोंद वाचायला घेतली. मुंगूस पहिलं, एक फासा. मुंगूस दुसरं, एक फासा. अशी अकराच्या अकरा. गिरिधरने दारावरचा मसुदा पहिल्याच रविवारी वाचला होता आणि एका मुंगसाने एकदा चावायचं असा रीतसर तक्ता केला होता. मधुमिताच्या दूधपित्या पिल्लांनीही एकेका राक्षसाची पोटरी धरली होती. सरड्याचे नऊ फासे. मग सूर्याचं बोट खालच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"सर," तो म्हणाला, "चिन्नस्वामी. शून्य."

गिरिधरने मान खाली घातली. त्याला मुंगसं वाचवायची होती, कासव घालवायचं नव्हतं.

"अप्पा," स्फूर्ती हळूच म्हणाली, "एक सवलत घालून टाका की. तुमचेंच तर कलम आहे."

"कलम एकोणीस," मी म्हणालो. किती अध्यक्षांनी माझ्यासमोर बसून रडून सवलत मागितली होती. त्या सगळ्यांना नाही म्हणून आता मी माझ्यासाठी हो म्हणू? "सूर्या, तू सांग पुढे. नदी असेल ना जवळ? नदीकाठी सोडू. त्याला पाणी आवडतं."

सूर्या म्हणाला की नदी आहे. काठावर झाडं आहेत. मी म्हणालो, "आधी त्याच्या पाठीवरचं सामान उतरवा. दोऱ्या काचल्या असतील." आणि चष्मा काढून पुसायला घेतला. एकसष्ट वर्षांचा माणूस, जेवणाच्या टेबलावर, नसलेल्या कासवासाठी.

"अपील," मागून आवाज आला.

स्वयंपाकघराच्या दारात कृष्णवेणी उभी होती. हातात पळी, पदर खोचलेला.

"तुला कशाचं अपील?" मी म्हणालो.

"कलम वीस. अधिकारी कोण तें लिहिलें नाहीं तुम्ही. मी होतें. कोणाची हरकत?"

चार हात वर झाले. हरकत नाही हे दाखवायला हात वर करायचा नसतो, पण ते सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. कृष्णवेणी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"वाळवंटांत पाणी कोणाच्या पाठीवर होतें?" तिने विचारलं. "सोळा घागरी. बोला."

"चिन्नस्वामीच्या," मधुमिता म्हणाली.

"ह्या गिरिधराचा पाय मोडला, तेव्हां चार रविवार ह्यास कोणी वाहिला? गारा पडल्या तेव्हां तुम्ही समस्त कोणाच्या पोटाखालीं निजलांत? ह्याच्या मुंगसांची पहिली पिल्लें कोठें झाली?"

"चिन्नस्वामीच्या पाठीवर. तांदळाच्या पोत्यात," गिरिधर म्हणाला.

हा खेळ तिने एकदाही पाहिला नव्हता. ती कॉफी ठेवून आत जायची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"फासा टाकला नाहीं म्हणून काम केलें नाहीं होय?" आता ती फक्त माझ्याकडे बघत होती. आवाज चढलेला नव्हता. "मग ह्या घरीं एकतीस वर्षांत मी एकही फासा टाकला नाहीं. मज कोणत्या नदीवर सोडतांत?"

टेबलावर सांबाराचा वास येत होता. मला अलमेलू आठवली, कॅन उचलून जाताना. तिचा रकाना मी नोंदवहीत फेटाळला होता, निळ्या शाईने, सहीसकट.

"निकाल द्या, अक्का," सूर्या म्हणाला.

"कासव राहतें." तिने पळी टेबलावर ठेवली. "पण कलमही राहतें. नियम म्हणजे नियम. ह्या तीन बैठकांत आणखी कोणी फासा टाकला नाहीं, तें वाच."

सूर्याने नोंद पाहिली. मग अगदी अपराधी चेहऱ्याने तो म्हणाला, "सरांच्या लेखनिकाने. सर फाइल लिहीत होते."

"पाणी वाहिलें?"

"नाही."

"मग कोण कोणाचा सोबती? मुख्य खेळाडू चिन्नस्वामी. हे त्याचे सोबती प्राणी. आजपासून ह्यांस चिन्नस्वामी सांभाळील. नदीवर सोडूं नक्को, घरीं उपयोग होतो."

गिरिधर इतका हसला की फासा टेबलाखाली गेला. मी निषेध नोंदवायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्फूर्तीने माझीच प्रत माझ्यासमोर सरकवली आणि कलम सातवर बोट ठेवलं. सोबत्याने परस्पर बोलू नये. कलम निर्दोष होतं. मी तोंड मिटलं आणि नोंदवही ओढून निकाल स्वतःच्या अक्षरात लिहून घेतला. लिहिताना मी मनातून किती सुखावलो होतो हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगायला फासा लागला असता.

ह्याला आता पाच महिने झाले. खेळ चालू आहे. मुंगसं चौदा झाली आहेत, पण गिरिधर आपण होऊन सगळ्यांचा मिळून एकच फासा टाकतो. वेंकटरमण राव महिन्यातून एकदा येऊन लांडगीची तब्येत विचारतात. मी अलमेलूच्या नावापुढचा शेरा खोडून 'मान्य' लिहिलं आणि तिला दाखवलं. ती म्हणाली, "बरं," आणि दूध मापू लागली. रविशंकरांच्या वहीत एक कासव अजून प्रवासात आहे.

मुख्य खेळाडूच्या वतीने फासा कोणीतरी टाकावा लागतो, म्हणून रविवारी तीन वाजता माझ्या खुर्चीवर कृष्णवेणी बसते. सूर्या तिच्याकडे वळून विचारतो, "अक्का, चिन्नस्वामी आता काय करतो?" आणि ती जे काय काय करते म्हणून सांगू! गेल्या महिन्यात तिने त्या कासवाला किल्ल्याच्या दारावर चालवत नेलं आणि दार मोडलं. मी शेजारी स्टुलावर बसतो. बोलायचं असलं की बोट वर करतो. ती फासा टाकते, अकरा किंवा जास्त पडले तर मी बोलतो. हाच फासा सोमवार ते शनिवारसाठी घरी ठेवता येईल का, असं तिने सूर्याला विचारून ठेवलं आहे.

काल मला किल्ल्याच्या तळघराबद्दल एक अत्यंत महत्त्वाची सूचना करायची होती. बोट वर केलं. तिने फासा टाकला, आठ पडले. साडेपाच वाजत आले होते आणि तिची पाळी चालू होती, म्हणून मी उठून आत गेलो, डिकाक्शनसाठी कॉफीची पूड भरली आणि दूध तापत ठेवलं. स्वयंपाकघरात उभं राहिलं की टेबलावरचं सगळं अगदी स्पष्ट ऐकू येतं.